औषध पडद्यापार जाईल का? रेणूच्या आकड्यांवरून अंदाज बांधायची रीत

रक्तदाबाच्या तीन जुन्या गोळ्या घेऊ: एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल. तिन्ही बीटा-ब्लॉकर, तिन्ही आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या. रेणुभार अनुक्रमे २६६, २६७ आणि २५९. तिघांचं शेपूटही एकच: एक ऑक्सिजन, मग हायड्रॉक्सिल आणि टोकाला आयसोप्रोपिल अमाइन. तरी प्रोप्रॅनोलॉल आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि मेंदूतही शिरतं; विचित्र स्वप्नं पडल्याची तक्रार याच गोळीबाबत जास्त. एटेनोलॉल निम्मंच शोषलं जातं, मेंदूत फारसं पोचत नाही, आणि जेवढं शोषलं जातं त्यातलं बहुतेक मूत्रपिंडातून आहे तसं बाहेर पडतं. मेटोप्रोलॉल आतड्यातून प्रोप्रॅनोलॉलसारखं जातं, पण मेदप्रियतेत, म्हणजे चरबीत विरघळण्याच्या ओढीत, ते दोघांच्या मधलं आहे.

हा फरक कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर आधीच सांगता येतो का? बऱ्याच अंशी येतो. एम.फार्म.ची मुलं संगणकातून काढलेले रंगीत तक्ते घेऊन येतात, पण ‘हा आकडा कुठून आला?’ विचारलं की गप्प होतात. म्हणून इथे सगळं आधी हातानं करू. सॉफ्टवेअर त्यानंतर.

पहिली पायरी: पडदा कोणता ते ठरवा

‘पारगम्यता चांगली आहे’, म्हणजे औषध पडद्यातून सहज जातं, हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या पडद्याची? आतड्याच्या पेशींचा थर, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा थर आणि त्वचेचा वरचा मृत थर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आतड्यात पीएच ६.५ च्या आसपास धरतात, पेशींमधल्या सांध्यांतून थोडी वाट असते आणि पृष्ठभाग प्रचंड असतो. टेनिस कोर्टाची जुनी उपमा अतिशयोक्त होती. नव्या मोजणीनुसार तो सुमारे ३० चौरस मीटर भरतो, म्हणजे एखाद्या वन-रूम-किचनएवढा. मेंदूच्या वाहिन्यांमध्ये पीएच ७.४, सांधे घट्ट बंद, आणि आत शिरलेलं औषध उचलून परत रक्तात टाकणारे पंप. त्वचेत पेशींच्या मधला मेद हीच मुख्य वाट.

पडद्याबरोबर वाटही लिहून ठेवा. पेशीच्या मेदातून विरघळत जाणं, दोन पेशींच्या फटीतून जाणं, वाहक प्रथिनाच्या खांद्यावरून जाणं, आणि पंपाने परत फेकलं जाणं, असे चार प्रकार. आपण रेणूच्या गुणधर्मांवरून जो अंदाज बांधतो तो मुख्यतः पहिल्या वाटेचा असतो. याचा विसर पडला की पुढची सगळी गणितं बरोबर येऊनही उत्तर चुकतं.

दुसरी पायरी: रेणू नीट उतरवून घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. बाटलीवर किंवा डेटाबेसमध्ये औषध बहुधा क्षाराच्या (सॉल्टच्या) रूपात असतं. मेटोप्रोलॉल टार्ट्रेटमध्ये मेटोप्रोलॉलचे दोन रेणू आणि टार्टारिक आम्लाचा एक असतो, म्हणून त्याचा रेणुभार ६८५ च्या जवळ दिसतो. तोच आकडा गणितात घातला तर आतड्यातून उत्तम शोषलं जाणारं औषध ‘फार मोठं, नापास’ ठरतं. प्रोप्रॅनोलॉल हायड्रोक्लोराइडचे २९५.८ आणि मूळ प्रोप्रॅनोलॉलचे २५९.३ हाही तोच घोळ. क्षार बनवताना जोडलेला आम्लाचा किंवा बेसचा भाग आधी काढून टाका, विद्युतभार नसलेला रेणू घ्या, मग पुढे चला.

तिसरी पायरी: ध्रुवीय पृष्ठफळ हातानं काढा

मेदात शिरण्याआधी रेणूला अंगाला चिकटलेलं पाणी सोडावं लागतं. पावसाळ्यात ओली छत्री दाराशी झटकून मग आत यायचं, तसं. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि त्यांना जोडलेले हायड्रोजन पाण्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. जेवढे ते जास्त, तेवढा झटकण्याचा खर्च मोठा. तो खर्च एका आकड्यात मांडायचा सोपा मार्ग म्हणजे ध्रुवीय पृष्ठफळ, चौरस अँगस्ट्रॉममध्ये.

पीटर एर्टल आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रत्येक अणुगटाला ठरावीक आकडा देणारी पद्धत मांडली. रेणूची त्रिमिती रचना काढायची गरज नाही, फक्त बेरीज करायची. आपल्याला लागणारे आकडे एवढेच:

ईथरचा ऑक्सिजन ९.२३
हायड्रॉक्सिल २०.२३
एक हायड्रोजन असलेलं दुय्यम अमाइन १२.०३
कार्बोनिल ऑक्सिजन १७.०७
दोन हायड्रोजन असलेला नायट्रोजन २६.०२
हायड्रोजन नसलेला तृतीयक नायट्रोजन ३.२४

प्रोप्रॅनोलॉल: ९.२३ + २०.२३ + १२.०३ = ४१.४९.
मेटोप्रोलॉलला याशिवाय एक मेथॉक्सी गट आहे: ४१.४९ + ९.२३ = ५०.७२.
एटेनोलॉलला त्याऐवजी अमाइड आहे: ४१.४९ + १७.०७ + २६.०२ = ८४.५८.

तिन्ही आकडे सॉफ्टवेअरमधून काढून ताडून पाहा, दशांशापर्यंत जुळतील. एटेनोलॉलला मागे खेचणारा गुन्हेगारही सापडला: ते एक अमाइड. एकट्यानं ४३ ची भर घालतं, बाकीच्या सगळ्या ध्रुवीय भागापेक्षा जास्त. छापील तक्त्यात हे दिसत नाही. बेरीज करताना दिसतं.

एक सावधगिरी. रेणूत गंधक किंवा फॉस्फरस असेल तर तो या बेरजेत धरायचा की नाही यावर प्रोग्रॅमांचं एकमत नाही. आरडीकिट हे मोफत साधन सांगितल्याशिवाय तो धरत नाही. म्हणून एका रेणूचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून असं करू नका.

चौथी पायरी: मेदप्रियता आणि विद्युतभार

१८९९ साली झुरिकमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स ओव्हर्टनने वनस्पतीपेशींवर प्रयोग करून सांगितलं की जे पदार्थ तेलात विरघळतात ते पेशीत लवकर शिरतात. आज तेलाच्या जागी ऑक्टॅनॉल आलं एवढंच. ऑक्टॅनॉल आणि पाण्यातल्या प्रमाणाचा लॉगॅरिदम म्हणजे लॉग पी. पडद्याची पारगम्यता म्हणजे हे वितरण गुणिले पडद्यातला विसरणाचा वेग, भागिले पडद्याची जाडी. तिन्ही रेणूंचा आकार जवळजवळ सारखा असल्यामुळे वेगात फारसा फरक नाही, फरक वितरणात.

मोजलेले लॉग पी असे: प्रोप्रॅनोलॉल ३.४८, मेटोप्रोलॉल १.८८, एटेनोलॉल ०.१६. पण हे विद्युतभार नसलेल्या रेणूचे आकडे. तिघांचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) ९.५ ते ९.७ च्या घरात, म्हणजे शरीराच्या पीएचला ते बहुतांश धनभारित. म्हणून लॉग डी काढायचा, म्हणजे त्या पीएचला भारित आणि भारमुक्त सगळे रेणू धरून येणारा तोच लॉगॅरिदम. क्षारधर्मी (बेसिक) औषधासाठी सूत्र असं:

लॉग डी = लॉग पी − लॉग(१ + १०^(पीकेए − पीएच))

आम्लधर्मी औषधाला घातात वजाबाकी उलटी करा: पीएच − पीकेए.

पीएच ७.४ ला प्रोप्रॅनोलॉलसाठी, पीकेए ९.५ धरून, ३.४८ − २.१० = १.३८. मेटोप्रोलॉल, पीकेए ९.७: १.८८ − २.३० = −०.४२. एटेनोलॉल, पीकेए ९.६: ०.१६ − २.२० = −२.०४. म्हणजे ऑक्टॅनॉलमध्ये एटेनोलॉलच्या तुलनेत प्रोप्रॅनोलॉल अडीच हजारपट जास्त जातं.

इथे हमखास प्रश्न येतो: आतड्यात पीएच ६.५ ला प्रोप्रॅनोलॉलचा हजारातला एकच रेणू भारमुक्त असतो, मग ते पूर्ण शोषलं कसं जातं? कारण तो एक पलीकडे गेला की दुसरा लगेच भारमुक्त होऊन त्याची जागा घेतो, आणि पृष्ठभाग व वेळ दोन्ही भरपूर असतात. हाच हिशेब विसरून ‘एस्पिरिन आम्लधर्मी, म्हणून जठरात शोषलं जातं’ असं पाठ केलं जातं. जठरात ते भारमुक्त असतं हे खरं, पण बहुतेक शोषण लहान आतड्यातच होतं, कारण जागा तिथे आहे.

लॉग डी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मोजता येतो. ऑक्टॅनॉल आणि पीएच ७.४ चा बफर आधी एकमेकांत संपृक्त करून घ्या, औषध टाकून हलवा, थर वेगळे होऊ द्या आणि यूव्ही यंत्रावर मोजा. मेख आकारमानात आहे. प्रोप्रॅनोलॉल बहुतेक सगळं ऑक्टॅनॉलमध्ये पळतं, म्हणून ऑक्टॅनॉल कमी आणि बफर जास्त घ्या, नाहीतर पाण्यात मोजायला काही उरत नाही. एटेनोलॉलचं उलट: ऑक्टॅनॉलमध्ये शंभरातला एक भाग जाणार. ‘पाण्यातून किती कमी झालं’ यावरून तो काढायला गेलात तर यंत्राची चूकच उत्तर म्हणून लिहाल. ऑक्टॅनॉलचा थर थेट मोजा.

पाचवी पायरी: नियम चाळणीसारखे वापरा

१९९७ साली फायझरमधल्या क्रिस्टोफर लिपिन्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलेला पाचाचा नियम सर्वांना पाठ असतो: रेणुभार ५०० पर्यंत, लॉग पी ५ पर्यंत, हायड्रोजन बंध देणारे ५ पर्यंत, घेणारे १० पर्यंत. दोन किंवा जास्त अटी मोडल्या तर तोंडावाटे शोषण कमी असण्याची शक्यता. आपली तिन्ही औषधं चारही अटींत बसतात, तीही ऐसपैस. म्हणजे हा नियम त्यांच्यात फरकच करू शकत नाही. नवा रेणू लिपिन्स्कीत बसतो एवढ्यावर ‘शोषण उत्तम’ लिहिणारे प्रकल्प अहवाल म्हणूनच पोकळ वाटतात.

मोजणीतही गंमत आहे. लिपिन्स्कीच्या रीतीत नायट्रोजन-ऑक्सिजनवरचे हायड्रोजन मोजतात, म्हणून एटेनोलॉलचे दाते (बंध देणारे) ४. अनेक डेटाबेस हायड्रोजन धरणारे अणू मोजतात, तिथे ३ दिसतात. दोन्ही बरोबर, पण कुठली रीत वापरली ते लिहा.

पृष्ठफळाची चाळणी जास्त बारीक आहे. १९९७ च्या सुमारास स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या कामातून ढोबळ सीमा मिळाल्या: ६० च्या खाली असेल तर शोषण ९० टक्क्यांच्या वर, १४० च्या वर असेल तर १० टक्क्यांच्या खाली. २००२ साली डॅनियल व्हेबर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या माहितीतून पृष्ठफळ १४० पर्यंत आणि फिरते बंध (ज्यांभोवती रेणूचे भाग वळू शकतात ते) १० पर्यंत ही जोडी दिली. आपले ४१ आणि ५१ पहिल्या गटात बसतात. ८५ मधल्या पट्ट्यात. निम्मं शोषलं जाणाऱ्या एटेनोलॉलशी हे चांगलं जुळतं.

जुळवताना शोषणाचा आकडा घ्या, जैवउपलब्धतेचा (यकृतातून सुटून रक्तात पोचणाऱ्या भागाचा) नको. प्रोप्रॅनोलॉल पूर्ण शोषलं जातं, पण यकृत पहिल्याच फेरीत त्याचा फडशा पाडतं आणि जेमतेम २५ टक्के रक्तात पोचतं. मेटोप्रोलॉलची जैवउपलब्धता ५० च्या आसपास, एटेनोलॉलचीही तेवढीच. जैवउपलब्धतेवरून क्रम लावला तर सर्वांत सहज पडदा ओलांडणारं औषध तळाला जाईल. तयार माहितीसंचात हे दोन आकडे एकाच रांगेत मिसळलेले असू शकतात. तपासल्याशिवाय वापरू नका.

सहावी पायरी: समीकरणात घाला

मेंदूसाठी डेव्हिड क्लार्कचं १९९९ चं समीकरण हातानं करण्याजोगं आहे. मेंदू आणि रक्त यांतल्या प्रमाणाचा लॉगॅरिदम:

लॉग बीबी = ०.१५२ × लॉग पी − ०.०१४८ × पृष्ठफळ + ०.१३९

प्रोप्रॅनोलॉल ०.०५, मेटोप्रोलॉल −०.३३, एटेनोलॉल −१.०९. म्हणजे रक्तातल्या १०० भागांमागे मेंदूत अनुक्रमे ११३, ४७ आणि ८ भाग. क्रम बरोबर लागला, पण आकडे तंतोतंत मानू नका: क्लार्कने पृष्ठफळ त्रिमिती रचनेवरून आणि लॉग पी वेगळ्या प्रोग्रॅममधून काढला होता. आपण बेरजेचे आकडे घातले, ते जवळचे असले तरी तेच नव्हेत.

त्वचेसाठी पॉट्स आणि गाय यांचं १९९२ चं समीकरण. सेकंदाला सेंटिमीटरमध्ये त्वचेच्या पारगम्यतेचा लॉगॅरिदम = −६.३ + ०.७१ × लॉग पी − ०.००६१ × रेणुभार. प्रोप्रॅनोलॉल −५.४१, एटेनोलॉल −७.८१, अडीचशेपट फरक. इथे रेणुभार उघडपणे शिरला, कारण त्वचेच्या मेदात मोठा रेणू फार हळू सरकतो. १६२ रेणुभाराचं निकोटीन पट्टीतून सहज देता येतं त्यात याचा मोठा वाटा. भारमुक्त रेणूसाठीचं आणि पाण्यातल्या द्रावणावरून काढलेलं हे समीकरण मलमाला जसंच्या तसं लावणं मात्र धाडसाचं.

सातवी पायरी: पंप आणि वाहक आहेत का ते विचारा

आता लोपेरामाइड घ्या, जुलाबावरची ती ओळखीची कॅप्सूल. रेणुभार ४७७. पृष्ठफळ हातानं: हायड्रॉक्सिल २०.२३, कार्बोनिल १७.०७, दोन तृतीयक नायट्रोजन ६.४८, एकूण ४३.७८. मेदप्रियता भरपूर. सगळी गणितं सांगतात की हे मेंदूत घुसणार. शिवाय ते अफूच्या जातीचं, म्हणजे गुंगी यायला हवी. नेहमीच्या मात्रेत येत नाही. मेंदूच्या वाहिन्यांतला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप ते आत येताच परत फेकतो. १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग यांनी औषधाला न जुमानणाऱ्या पेशींत हे प्रथिन शोधलं.

उलट दिशेचं उदाहरण एसायक्लोव्हिरचं. नागिणीवरचं हे औषध तोंडावाटे १० ते २० टक्केच उपलब्ध होतं. त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून व्हॅलासायक्लोव्हिर केलं तर रेणुभार २२५ वरून ३२४ वर गेला, ध्रुवीय गटही वाढले, तरी उपलब्धता ५४ टक्क्यांच्या आसपास पोचली. आतड्यातल्या पेप्टाइड वाहकाला ते अन्नाचा तुकडा वाटतं आणि तो ते उचलून नेतो. लेव्होडोपाही अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून जातं, म्हणून पार्किन्सनच्या रुग्णाला गोळी डाळ-अंड्याच्या भरगच्च जेवणाबरोबर घेऊ नका असं सांगतात: गाडीत जागेसाठी स्पर्धा होते.

म्हणून गणित आणि वास्तव जुळलं नाही की समीकरण फेकू नका. फरकाची दिशा पाहा. अंदाजापेक्षा कमी गेलं तर पंपाचा संशय घ्या, जास्त गेलं तर वाहकाचा किंवा फटीचा. तिसरी शक्यता सायक्लोस्पोरिनची: रेणुभार १२०२, अकरा अमिनो आम्लांचं वलय, तरी तोंडावाटे चालतं. अकरापैकी सात नायट्रोजनांवर मिथाइल आहे, आणि उरलेले चार हायड्रोजन मेदात शिरताना ते आतल्या आत बंध करून लपवतं. आपली बेरीज कागदावरच्या रचनेची. रेणू अंग चोरून घेतो हे तिला कळत नाही.

आठवी पायरी: संगणक, आणि स्वतःचं प्रारूप

एवढं हातानं झालं की स्विसएडीएमई हे संकेतस्थळ किंवा आरडीकिट खुशाल वापरा. स्विसएडीएमईतलं उकडलेल्या अंड्यासारखं चित्र म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतले दोनच आकडे, पृष्ठफळ आणि मेदप्रियता, दोन अक्षांवर मांडलेले. पिवळ्या बलकात पडलेला रेणू मेंदूत जाईल, पांढऱ्यात पडलेला आतड्यातून शोषला जाईल असा अंदाज.

स्वतःचं यंत्रशिक्षणाचं प्रारूप (मशीन लर्निंग मॉडेल) बांधायचं असेल तर माहिती शक्यतो एकाच प्रयोगपद्धतीची घ्या. एकाच औषधाचे दोन प्रयोगशाळांतले पेशीथराचे आकडे दहापटीनेही वेगळे असतात. आकड्यांचा लॉगॅरिदम घ्या. शिकवायचे आणि तपासायचे रेणू सांगाड्यानुसार वेगळे करा, नाहीतर मेटोप्रोलॉल शिकवून एटेनोलॉल विचारल्यासारखं होतं आणि गुण फुकट वाढतात. आणि सर्वांत आधी फक्त पृष्ठफळावर एक सरळ रेषा बसवून पाहा. शेकडो गुणधर्मांचं प्रारूप त्या एका रेषेला हरवू शकत नसेल, तर ते अहवालात घालू नका.

नववी पायरी: प्रयोगाशी ताडा, पण योग्य पडद्यावर

प्रचलित कसोटी कॅको-२ पेशींची, म्हणजे माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळवलेल्या पेशींची. त्या २१ दिवस वाढवून थर तयार करतात. समजा थराचं क्षेत्र १.१२ चौरस सेंटिमीटर, सुरुवातीची संहती मिलिलिटरला १० नॅनोमोल आणि २० मिनिटांत ०.४ नॅनोमोल पलीकडे गेलं. ०.४ भागिले १२०० सेकंद, भागिले १.१२ गुणिले १०: उत्तर सेकंदाला सुमारे ३० दशलक्षांश सेंटिमीटर. ही उत्तम पारगम्यता. एकूण औषधाच्या १० टक्क्यांहून जास्त पलीकडे गेलं असेल तर हे सूत्र लागू राहत नाही. वेळ कमी करा. मग दिशा उलटी करून मोजा. उलट दिशेचा आकडा दुप्पट किंवा जास्त आला आणि पंप रोखणारं औषध घातल्यावर फरक मिटला, तर सातव्या पायरीतला संशय खरा. प्रत्येक वेळी मेटोप्रोलॉल आणि एटेनोलॉल सोबत लावा, म्हणजे तुमच्या थराची पट्टी कळते. या पेशींचे सांधे माणसाच्या लहान आतड्यापेक्षा घट्ट असतात, त्यामुळे फटीतून थोडंफार जाणारं एटेनोलॉल इथे जरा जास्तच वाईट दिसतं.

कॅको-२ ची सोय सगळीकडे नसते. खाटकाकडून आणलेलं शेळीचं आतडं वापरत असाल तर ते ताजं, ऑक्सिजन दिलेल्या थंड द्रावणात आणा आणि लवकर वापरा. ऊतक मेलं की पंप आणि वाहक बंद पडतात आणि उरतं ते भोकाभोकाचं कातडं. त्याऐवजी अंड्याच्या कवचाखालचा पापुद्रा घ्याल, तर तो प्रथिनांच्या धाग्यांचा असतो, त्यात मेदाचा पडदा नसतो. आणि बारा ते चौदा हजार डाल्टनच्या सीमेची डायलिसिस पिशवी तर आपल्या तिन्ही औषधांना सताड उघडं दार आहे. तिच्यातून एटेनोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल सारख्याच वेगाने जातील. तो प्रयोग गोळीतून किंवा जेलमधून औषध सुटतं कसं हे सांगतो. त्याच्या आलेखावर ‘पारगम्यता’ असं शीर्षक देऊ नका.